बाबांची अचूक न्याहारी

"काकू, खरं सांगा, मी सुंदर आहे का?"

हा प्रश्न मला सुचलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो फेइ-लिंग आणि वान-रु या माझ्या वर्गातल्या दोघींच्या डोक्यातून निघाला. आह-श्या काकूंचं न्याहारीचं दुकान आमच्या गल्लीत माझ्या जन्माआधीपासून आहे, आणि तव्यापुढे येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या 'सुंदरी' म्हणतात, प्रत्येक पुरुषाला 'देखण्या'. दात पडलेल्या आजोबांनाही देखण्या. "तुला रोज सुंदरी म्हणतात ना? मग विचार की, मनापासून म्हणतात का," फेइ-लिंग म्हणाली. "ही कसली विचारतेय," वान-रु म्हणाली. गेल्या वर्षी वान-रुचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. गेल्या वर्षी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मला तिसरं बक्षीस मिळालं. एकूण स्पर्धक किती होते हा मुद्दा गौण आहे. तेव्हापासून मी कुठेही काहीही विचारू शकते.

काकूंनी मानही वर केली नाही. तव्यावरची पातळ पोळी उलटली, तिच्याखाली अंडं सारलं, गुंडाळी केली, कापली.

"सुंदरी, तुझ्यामागे सुंदऱ्यांची रांग लागलीय आणि सगळ्यांना उशीर होतोय. तिखट घालू?"

माझ्यामागे हवाई दलाच्या शाळेतले कॅडेट उभे होते, डोक्यांचे गोटे केलेले. तेच सगळ्यांत मोठ्यांदा हसले.

"घाला," मी शक्य तितक्या मानाने म्हटलं. पैज प्रश्न विचारण्याची होती, उत्तराची नव्हती. तेव्हा मी जिंकले.

पण खरं म्हणजे मी तिथे पैजेसाठी उभी नव्हतेच. मी हेरगिरीला आले होते. ती गरम पोळी दप्तराआड लपवून मी गल्ली ओलांडणार होते आणि समोरच्या दुकानात नेऊन देणार होते. ते दुकान नवं होतं, रिकामं होतं आणि आमचं होतं.

झालं असं. माझे बाबा, लिआव क्वो-तुंग, स्क्रूच्या कारखान्यात माल तपासायचे. तैवानमधल्या आमच्या गांगशानमध्ये निम्मं गाव स्क्रूवरच जेवतं. बाबांचं काम चुका काढण्याचं, आणि ते त्यांना इतकं आवडायचं की सुट्टीच्या दिवशी ते घरातल्या चुका काढत. उन्हाळ्यात कारखान्याने ठरवलं की तपासणी विभाग व्हिएतनामला न्यायचा. बाबांना तिथे जागा होती. नको असेल तर नमस्कार. काय ते मध्य-शरदाच्या पौर्णिमेच्या सणापर्यंत कळवा, म्हणाले.

"तिथली हवा दमट आहे," बाबा म्हणाले. आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओलं असतं, पण हे कोणी बोललं नाही. आई मुकाट्याने कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसायला लागली. आईने आधी बाहेरून पुसली, मग आतून पुसली, मग परत बाहेरून. बाबा बराच वेळ बघत होते.

"मी न्याहारीचं दुकान टाकतो," ते म्हणाले.

गल्लीत न्याहारीची तीन दुकानं आधीपासून होती. एक आह-श्या काकूंचं. एक सोयादुधाच्या आजोबांचं, जे पहाटे उघडून सूर्य नीट वर यायच्या आत बंद होतं. आणि एक गावोगाव शाखा असलेल्या साखळीतलं दुकान, ज्याच्या पाटीवर हसणारं अंडं आहे. बाबांनी तिन्हीकडून नमुने आणले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून व्हर्निअर कॅलिपरने मोजले.

"तिघांच्याही पोळीची जाडी सगळीकडे सारखी नाही," त्यांनी जाहीर केलं. "बाजारात जागा आहे."

"अहो, लोक पोळी खातात, मोजत नाहीत," आई म्हणाली.

"कारण मोजण्यासारखी अजून मिळालेली नाही."

आमच्याकडे सल्ला हवा असेल तर कुठे जायची गरज नसते. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, अख्खी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तुमच्या आयुष्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं.

"मासळीचा भात ठेवा लिआव साहेब, पोळी सगळेच विकतात," खालच्या मजल्यावरच्या सूबाई म्हणाल्या.

"मासळी नको, वास येतो. दुकानच नको, मी सांगतो. लॉन्ड्री टाका. मशीन धुतं, तुम्ही झोपता," त्यांचे यजमान म्हणाले.

"झोपण्याबद्दल ह्यांना विचारा," सूबाई म्हणाल्या.

वॉर्डप्रमुख चुआंग सगळ्यांत शेवटी बोलले, कारण ते नेहमीच शेवटी बोलतात. "लिआव साहेब, न्याहारीत फक्त एक गोष्ट लागते. तोंड! तोंड गोड हवं. बाकी पीठ काय, पाणी काय." बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन पिठात पाणी किती टक्के घालायचं याचा तक्ता केला.

दुकानाचं नाव त्यांनी 'अचूक न्याहारी' ठेवलं. आईने 'सोनेरी सकाळ' सुचवलं होतं, मी 'लिआवची मज्जा' सुचवलं होतं, दोन्ही तपासणीत नापास झाली. हे नाव घेऊन आम्ही नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, अचूक म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न बाबांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी आनंदाने खिशातून कॅलिपर काढला आणि दाखवलं. घरी आलेल्या कागदावर धंद्याचा प्रकार होता: मोजमापाची साधने.

आम्ही परत गेलो.

"दुरुस्ती होईल," बाई म्हणाल्या, "पण त्यासाठी आधी चूक झाली असं कोणीतरी मान्य करायला हवं."

"मग करा की मान्य," आई म्हणाली.

"मला तो अधिकार नाही."

त्यामुळे आमच्याकडे स्वयंपाकघराची स्वच्छता तपासायला कोणी आलं नाही. वजनमापं तपासणारे एक गृहस्थ आले. बाबांना इतकं खूश झालेलं मी क्वचितच पाहिलंय. दोघांनी मिळून आमचा पिठाचा काटा तपासला, मग घरातला काटा तपासला, मग सूबाईंचा मागवून घेतला. गृहस्थ निघाले तेव्हा दोघांचे डोळे पाणावले होते. त्याच सुमाराला पलीकडच्या रस्त्यावरचे एक आजोबा भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून आले आणि म्हणाले, रोज मागे पडतं. पाटी वाचून आले होते. बाबांनी ते नीट करून दिलं. अचूक न्याहारीचं पहिलं समाधानी गिऱ्हाईक ते, आणि त्यांनी काहीही खाल्लं नाही.

उद्घाटनाचा दिवस आईने पंचांगातून काढला. त्याच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं की वादळ येतंय, उद्या शाळा-कचेऱ्यांना वादळाची सुट्टी.

"पंचांगात वादळ नव्हतं," आई म्हणाली.

"तारीख म्हणजे तारीख," बाबा म्हणाले.

आमच्या वादळांचं एक असतं. सुट्टी जाहीर झाली की निम्म्या वेळा ती वाटेतच विचार बदलतात. सकाळी उठलो तर आकाश धुऊन पुसल्यासारखं निळं. शाळा बंद, कचेऱ्या बंद, सगळे घरात आणि सगळ्यांना भूक. आह-श्या काकूंनी सुट्टी घेतली होती, आजोबांनी घेतली होती, हसणाऱ्या अंड्याचं शटर खाली होतं. आणि मधोमध एकटं उघडं दुकान, आमचं.

रांग पार कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत गेली. मी ग्लास भरत होते, आई पैसे घेत होती, बाबा पोळ्या टाकत होते, सगळ्या एकसारख्या, जणू साच्यातून काढल्यात. लोक खायला इतके अधीर की कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुपारी बाबांनी तवा घासला, हात पुसले आणि एखाद्या सेनापतीसारखं गल्लीकडे पाहिलं.

"बघितलंत? माल चांगला असला की लोक येतात." त्याच दिवशी त्यांनी पिठाची दुप्पट पोती मागवली. कारखान्याला 'नाही' म्हणून कळवून टाकतो म्हणाले. आईने हात धरला. "सणापर्यंत वेळ आहे ना? असू दे तो वेळ."

एका वादळी सुट्टीवरून बाजाराचा अंदाज बांधणारा माणूस आमच्या गावात दुसरा झाला नसेल. दुसऱ्या दिवशी तिन्ही दुकानं उघडली आणि आमच्याकडे चौघं आले. त्यातले दोघं आमचेच नातेवाईक.

पोळी चांगली होती, सगळे म्हणायचे. मग लोक समोर का जायचे? हे शोधायलाच मी हेर झाले. आणि त्या पैजेच्या सकाळी, कॅडेटांच्या हसण्यात, मला ते कळलं. आह-श्या काकूंकडे माणूस झोपेत चालत येतो, केस उभे, कॉलर आत, आणि कोणीतरी ओरडतं, "देखण्या, कालचंच का?" तो लगेच सरळ उभा राहतो. आमच्याकडे तोच माणूस येतो आणि बाबा म्हणतात, "पुढचा."

मी आमच्या दुकानात येऊन अहवाल दिला. बाबांनी पोळीचा नमुना बशीत ठेवला आणि विचारलं, "म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही हो, ती हाक आहे," आई म्हणाली. "नाव माहीत नसतं म्हणून मारतात."

"नाव माहीत नसेल तर नाव विचारावं. देखणा नसलेल्या माणसाला देखणा म्हणून पाठवणं म्हणजे सदोष मालावर शिक्का मारणं."

"तुम्ही मला तरी कधी म्हणालात का सुंदरी?"

"लग्नाआधी म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात, 'ठीक आहे.'"

"आमच्या खात्यात 'ठीक आहे' फार थोड्या मालाला मिळायचं," बाबा म्हणाले. आई उठून आत गेली. पण जाताना हसत होती, हे मी पाहिलं.

मी बाबांचा वर्ग घ्यायला सुरुवात केली. वक्तृत्वातलं तिसरं बक्षीस शेवटी कशासाठी असतं? मी गिऱ्हाईक व्हायची, ते हाक मारायचे. 'सुंदरी' म्हणताना त्यांचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा व्हायचा. शेवटी त्यांनी तोडगा काढला: खोटंही नको आणि 'पुढचा'ही नको, दिसेल तशी हाक मारायची. दुसऱ्या सकाळी दुकानात ऐकू यायला लागलं, "चष्मेवाले साहेब, तुमचं सोयादूध." इथवर ठीक होतं. मग, "हनुवटीवर तीळ असलेल्या बाई!" मग, "जरासे जाड गृहस्थ, नाही, तुम्ही नाही, तुमच्याहून जाड." दोन्ही जाड गृहस्थ परत आले नाहीत.

"बाबा, डोळे मिटा आणि 'देखण्या' म्हणा. एकदाच," मी अक्षरशः हात जोडले.

त्यांनी मनावर घेतलं. सकाळी स्कूटरवरून एक धिप्पाड माणूस आला, रेनकोट, हेल्मेटची काच खाली. बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्यांच्या आयुष्यातली पहिली हाक मारली. "काय देखण्या, काय देऊ?"

देखण्याने हेल्मेट काढलं. त्या आमच्या शाळेच्या शिस्तप्रमुख यान बाई होत्या.

इथवरही निभावलं असतं. बाबा गडबडले, चूक सुधारायला गेले, "माफ करा, सुं..." म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनी यान बाईंच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो शब्द त्यांच्या तोंडात तसाच अडकला. "...माफ करा, बाई," त्यांनी वाक्य संपवलं.

मी सोयादुधाच्या पिंपामागे बसले होते. तिथून उठू नये असं मला फार वाटत होतं. शाळेत यान बाईंनी मला थांबवलं, माझ्या मोज्यांची उंची बघितली, आणि शांतपणे विचारलं, "लिआव यी-चन, तुझ्या वडिलांचे डोळे कधी तपासलेत का?" अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं.

आणि इथेच आमचं नशीब उघडलं, किंवा तसं वाटलं. खोटं न बोलणारा माणूस म्हणून बाबांची शाळेत कीर्ती झाली. सकाळी पोरी यायला लागल्या. "काका, हे केस कसे वाटतात?" बाबा कॅलिपर ठेवून, मान तिरकी करून बघायचे. "डावीकडे लांब. परत कापून घे." किंवा, क्वचितच, "पास." 'पास' मिळालेली पोर दिवसभर नाचायची. मग कॅडेट आले, मग मुलगी बघायला निघालेला बँकेतला एकजण टाय दाखवायला आला. दुकान भरलेलं दिसायला लागलं. खाणं मात्र सगळे समोरून घेऊन यायचे, कारण इथे निकाल लागेपर्यंत पोळी गार व्हायची.

"अहो, त्यांना सांगा तरी, काहीतरी घ्या म्हणून," आई म्हणाली.

"तपासणीचे पैसे घ्यायचे नसतात," बाबा म्हणाले. "मग निकालावर विश्वास राहत नाही."

एक दिवस वॉर्डप्रमुख चुआंग आले. गेल्या महिन्यापर्यंत त्यांच्या डोक्यावर मधोमध विमानतळ होता. आता तिथे दाट काळे केस होते. सगळ्या गल्लीने ते पाहिले होते आणि सगळी गल्ली अतिशय सभ्यपणे वाऱ्या-पाण्याच्या गप्पा मारत होती. वॉर्डप्रमुखांनी कॅडेटांकडे बघून डोळे मिचकावले, बाबांपुढे उभे राहिले आणि विचारलं, "काय लिआव साहेब, आमचं काय? पास की नापास?"

आईने पैशांची पेटी लावून घेतली. मी बाबांचा पाय शोधत होते, दाबायला.

"जोड दिसतोय," बाबा म्हणाले.

वॉर्डप्रमुख घोटभर सोयादूध प्याले, पेला खाली ठेवला आणि निघून गेले. त्याच आठवड्यात तक्रार आली की आमचं छप्पर रस्त्यावर येतं. माणसं आली, टेप लावली. बाबांनी आपली टेप लावली. छप्पर हद्दीच्या आत बोटभर निघालं. बाबा जिंकले. त्यानंतर देवळाच्या समितीतलं कोणी आमच्याकडे फिरकलं नाही, त्यांच्या बायका फिरकल्या नाहीत, आणि केस कापणाऱ्या बाईंनी शाळेतल्या पोरींना सांगितलं की त्या माणसाकडे गेलात तर मी तुमचे केस कापणार नाही.

सण तोंडावर आला. दुकानांतून चंद्राच्या केकचे डबे लागले. घरात बॅग आता बैठकीत आली होती, भिंतीला टेकून. तिच्यात कोणी काही भरत नव्हतं आणि तिच्यावर कोणी काही ठेवत नव्हतं. बाबा रात्रीच्या जेवणानंतर व्हिएतनामी भाषेचं एक पातळ पुस्तक वाचायला लागले होते. मी जवळ गेले की वर्तमानपत्र ओढून घ्यायचे.

हेरगिरी मात्र चालूच होती, सवयीने. एका शनिवारी मी काकूंची पोळी आणून दिली तर बाबांनी ती मोजलीच नाही. नुसती उलटीपालटी करून बघितली.

"ही कडेने फाटतेय. महिन्याभरापूर्वी फाटत नव्हती. आधी उजव्या हाताने उलटत होत्या, आता डाव्या हाताने उलटताहेत. मनगट गेलंय त्यांचं."

मी पुन्हा गल्ली ओलांडली. हिंमत असली की ती कुठे वापरू नये हे कळत नाही, हा तिचा दोष. "काकू, तुमचं मनगट कसं आहे?"

आह-श्या काकूंचा हात थांबला. रांगेने मागून डोकावून बघितलं, काय झालं म्हणून. तो हात थांबलेला कोणी पाहिला नव्हता.

"कोणी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. पुढे 'सुंदरी' नव्हतं.

"बाबांनी. पोळीवरून."

दुकान बंद करून दुपारी त्या आमच्याकडे आल्या, मनगटाला औषधाची पट्टी, आणि गल्ली ओलांडायच्या आधी बाहीने ती झाकून घेतलेली. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "लिआव साहेब, एक पोळी टाका." बाबांनी टाकली. त्यांनी ती कापली नाही, नुसती उजेडात धरली, मग सबंध खाल्ली.

"डॉक्टर म्हणतो तवा सोडा," त्या म्हणाल्या. "मुलगा तैपेईत आहे, त्याला पिठाचा वास नको. मला हात हवेत. तुमच्याकडे तोंड नाही. तुम्ही माझ्याकडे तवा धरा, निम्मं तुमचं. फक्त गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभं राहायचं. भिंतीकडे तोंड."

बाबांचे कान लाल झाले. "विचार करून सांगतो," ते म्हणाले.

आणि मग माझे हाल सुरू झाले. दोन दुकानांमध्ये एक गल्ली, आणि गल्लीत मी.

"सांग त्यांना, भागीदारी असेल तर पाटीवर 'अचूक' हा शब्द हवा."

"सांग तुझ्या बाबांना, पाटी माझ्या सासूने लावलीय. तिला मी जिवंतपणी हलवू शकले नाही, आता काय हलवणार?"

"सांग, पीठ माझ्या तक्त्याप्रमाणे."

"सांग, पीठ त्यांचं, तिखट माझं. तिखटाला हात लावायचा नाही."

"सांग श्याबाईंना, गल्ल्यावर मी बसेन," आई मधूनच म्हणाली.

"आईला सांग, तेच तर म्हणतेय मी!"

सगळ्या गोष्टी जमल्या. पाटी हलणार नव्हती, पण बाबांचा तक्ता काचेत लावायचं ठरलं. मी धावत घरी आले तर बाबा खुर्चीत बसले होते आणि म्हणाले, "नको."

"काय नको?"

"दुकान टाकलं, ते चाललं नाही. आता समोरच्यांनी बोलावलं म्हणून जायचं? रोज सकाळी अख्खी गल्ली बघणार. तिकडे निदान कोणी ओळखत नाही."

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि खूप वेळ गणिताचं पुस्तक उघडं ठेवून बसले. माझ्या बाबांना समुद्र ओलांडायला चालणार होतं, पण गल्ली ओलांडायला नाही. वर्षातून दोनदा येतील, चुका काढायला घरात कोणी नसेल, आणि आई ठीक आहे म्हणेल. हे सगळं का, तर सूबाई कचऱ्याची पिशवी हातात घेऊन काय म्हणतील म्हणून.

सणाच्या संध्याकाळी गल्लीत जिकडेतिकडे शेगड्या पेटल्या. मांसाचा धूर, पपनसाच्या साली, लहान पोरांच्या डोक्यावर सालींच्या टोप्या. बाबा दुकानापुढे स्टुलावर बसून मांसाचे तुकडे भाजत होते, एका रेषेत मांडून, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन. कारखान्याला उद्या कळवायचं होतं. आईने मला एक पपनस दिलं आणि म्हणाली, "जा, श्याबाईंना देऊन ये. आणि नीट सांग त्यांना. वाईट वाटू देऊ नकोस."

मी गेले. काकू शेजाऱ्यांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांनी पपनस डाव्या हाताने घेतलं, पेललं नाही, मांडीवर टेकवलं. माझ्याकडे बघून नेहमीसारखं म्हणाल्या, "काय सुंदरी, काय निरोप?" आणि मी तोंड उघडलं, आणि जे सांगायला पाठवलं होतं ते सोडून दुसरंच सांगितलं. मग काकूंनी मान वळवली आणि पलीकडे रुसून बसलेल्या वॉर्डप्रमुख चुआंग यांना मोठ्याने हाक मारली, "देखण्या, तुझा टेम्पो उद्या सकाळी मोकळा आहे का रे?" वॉर्डप्रमुखांनी केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, मोकळाच आहे की.

मी परत आले. आई पेले पुसत होती. बाबांनी वर न बघता विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं, आणि स्पर्धेत उभी राहिले होते तशी दोघांपुढे उभी राहिले. "आई, बाबा, मी ठरवलंय. मी काकूंना आपल्या घराकडून 'हो' सांगून आलेय, सगळ्यांदेखत. सूबाईंनीही ऐकलंय, त्यामुळे ते आता परत घेता येणार नाही. उद्या सकाळी वॉर्डप्रमुखांचा टेम्पो आपला तवा न्यायला येतोय. बाबा, तुम्ही तव्यावर, आई गल्ल्यावर, हाका काकू मारतील. तुम्हाला कोणाला काहीही म्हणावं लागणार नाही. लोक बघायचं तर बघतील, पहिल्या दिवशी मी तुमच्याबरोबर गल्ली ओलांडेन, हात धरून, गणवेशात. तुम्हाला माझा राग आला असेल तर खुशाल रागवा, रोज रागवा, पण इथे बसून रागवा. व्हिएतनामहून फोनवर रागावलेलं मला चालणार नाही."